उणे दोनशे त्रेसष्ट दिवस

कर सल्लागाराने फाईल उघडली, चार पानं उलटली, चष्मा काढला आणि फाईल दोन बोटांनी परत ढकलली.

"बाराशे सौदे?"

"तेराशे सोळा," कवळीवाला म्हणाला.

"एका वर्षात? अहो, तुम्ही दातांची कामं करता की हेच करता?"

आता याला काय सांगणार! दोन्ही करतो, आणि दोन्ही एकाच वेळी करतो, हे खरं असलं तरी ऐकायला बरं वाटत नाही. कवळीवाल्याने फाईल उचलली, सल्लागाराच्या टेबलावर पडलेला प्लास्टरचा पांढरा भुगा हाताने झाडला आणि तो घरी आला. घरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, चव्वेचाळीस पायऱ्या चढून. लिफ्ट नाही.

त्याचं काम असं. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात. तो त्या मापात प्लास्टर ओततो, साचा बनवतो, साच्यावर मेण लावून दात बसवतो आणि कवळी तयार करतो. सगळं घरातल्याच मागच्या खोलीत. यात एक कटकट असते. प्लास्टर ओतलं की ते धरायला, म्हणजे घट्ट व्हायला, बारा मिनिटं लागतात, आणि या बारा मिनिटांत करण्यासारखं काहीही नसतं. पूर्वी तो खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघायचा. मग फोनवर शेअर आले. प्लास्टर ओतलं की घ्यायचे, प्लास्टर धरलं की विकायचे. दिवसाला पाच-सहा साचे म्हणजे पाच-सहा सौदे. कधी चहाचे पैसे सुटायचे, कधी चहा महागात पडायचा. फोनची काच कायम पांढऱ्या बोटांनी बरबटलेली असायची आणि बायको म्हणायची, "अहो, फोन आहे तो, भिंत नाही."

बायको लायब्ररीत काम करायची. अजूनही करते, आणि हे 'अजूनही' कवळीवाला मुद्दाम दोनदा म्हणतो. नऊ महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली. त्याआधीची दोन वर्षं ती जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायची. तो मागच्या खोलीत बसून कान देऊन ऐकायचा. चौदा पायऱ्या, शांतता. पंधरा पायऱ्या, शांतता. त्या शांततेत त्याच्या हातातला चमचा थांबायचा. आता ती चव्वेचाळीस पायऱ्या एका दमात चढते, वर गुणगुणतही असते. रोज दुपारी अडीचला ते पावलांचे आवाज ऐकले की त्याला वाटतं, आपल्याला आणखी काय हवं? काही नको.

तर, सल्लागाराने हात वर केल्यावर रविवारी सकाळी त्याने रिटर्न भरून देणारं एक सॉफ्टवेअर इंटरनेटवर शोधलं. रिटर्नची शेवटची तारीख शुक्रवार होती. सॉफ्टवेअर मोठं गुणी निघालं. ब्रोकरची फाईल चढवली की ते प्रत्येक विक्रीपुढे तिची खरेदी आपोआप लावायचं, मध्ये किती दिवस गेले ते मोजायचं, नफा-तोटा काढायचा आणि ओळ हिरवी करायचं. आणि तेही अदबीने! 'कृपया थोडा वेळ द्या.' 'आपण छान करत आहात.' कवळीवाल्याने त्याचं नाव कारकून ठेवलं. तेराशे सोळा ओळी एकामागून एक हिरव्या होत गेल्या, आणि तो चहाचा कप हातात घेऊन कौतुकाने बघत बसला.

"काय बघतोयस एवढं, जावईबापू?" आबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

आबा म्हणजे बायकोचे वडील. सासूबाई गेल्यापासून ते यांच्याकडेच राहत होते. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस, आणि स्वतः कधी लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. "मी आतून बघितलंय सगळं," एवढंच कारण सांगायचे. तरुणपणी तारेच्या दोरात त्यांचा उजवा अंगठा सापडला होता. त्याची आडवी खूण अंगठ्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत होती. तोंडात कवळी, अर्थात जावयाने केलेली. ती लावून दिवसभर शीळ घालायचे.

"कारकून काम करतोय, मी बसलोय," कवळीवाला म्हणाला.

"मग पगार कुणाला?" आबा म्हणाले, आणि पुन्हा शीळ घालू लागले.

तेराशे पंधरा ओळी हिरव्या झाल्या. एक लाल राहिली.

लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचे दोनशे दहा शेअर. विक्रीचा दिवस बायकोच्या ऑपरेशनचा. वेळ सकाळी अकरा बेचाळीस. पुढे लिहिलं होतं: 'खरेदी तपासा.'

त्या दिवशीची वेळ त्याच्या डोक्यात कोरलेली होती. बारा वाजेपर्यंत हॉस्पिटलात पैसे भरायचे होते. शेजाऱ्यांनी दिले, लायब्ररीतल्या बायकांनी दिले, तरी मोठा आकडा उरला होता. कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून त्याने फोन काढला आणि जन्मात पहिल्यांदा ते बटण दाबलं: 'सगळं विका.' काय विकलं ते बघायचं भानही नव्हतं. त्याच्या हिशेबाने निम्मेही पैसे यायला नको होते. पण पुरते आले. पैसे भरले, तिला आत नेलं, आणि संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन हसले. भाव चढले असतील असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याने विचारच केला नाही. इतका आनंद झाला होता की कुणी विचार करायला सांगितलं असतं तर त्याने त्यालाच मिठी मारली असती.

पण लिफ्टच्या कंपनीचा एकही शेअर त्याने कधी घेतला नव्हता.

त्याने लाल ओळीवर बोट ठेवलं. खरेदीची बाजू उघडली. तिथे तारीख होती, वेळ होती. वेळ अकरा बेचाळीस. तारीख येत्या शुक्रवारची.

खाली कारकुनाने नेहमीसारखे मधले दिवस मोजले होते. 'धारण काळ: उणे दोनशे त्रेसष्ट दिवस.'

आणि त्याखाली एक चौकोन. 'हे शेअर आपल्याला कसे मिळाले? निवडा: खरेदी, भेट, वारसा.'

तो हसला. यंत्र आहे, चुकतं. त्याने ओळ पुसून टाकली. पान पुन्हा उघडलं तर ओळ जागेवर. 'खरेदी' निवडून बघितलं, तर कारकून म्हणाला, 'ही माहिती जुळत नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा.' तीनदा प्रयत्न केला. तीनदा तेच. शेवटी कंटाळून त्याने लॅपटॉप मिटला आणि साचे घासायला बसला.

सोमवारी त्याने मदतीच्या नंबरवर फोन लावला. लगेच उचलला गेला. बाईचा आवाज होता, शांत, मायाळू. मागे दुसऱ्या कुणाच्या बोलण्याची चाहूल नव्हती, पंख्याचा आवाजही नव्हता.

त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हो, दिसतंय मला. उणे दोनशे त्रेसष्ट."

"चूक आहे ना ही?"

"नाही, साहेब. फाईल बरोबर आहे."

"अहो, आधी विकले आणि नंतर घेतले, असं कसं होईल?"

"होतं कधीकधी. थोड्या लोकांचं होतं." तिचा आवाज तसाच मायाळू होता. "तुम्हाला फक्त कसे मिळाले ते निवडायचं आहे."

"मग लोक काय निवडतात?"

"बहुतेक जण आधी 'भेट' निवडून बघतात," ती म्हणाली. "मग परत बदलतात."

"का बदलतात?"

"आणखी काही मदत करू का, साहेब?"

त्याने नाही म्हटलं आणि, सवयीने, आभारही मानले. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत. कधी उभे राहिलो ते त्याला आठवेना.

मंगळवारी सकाळी आबा कवळी घासून घ्यायला मागच्या खोलीत आले. हिरडीला लागत होती. ती घासता घासता कवळीवाल्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आबा, तुम्हाला निवृत्त होताना कंपनीने शेअर दिले होते ना? किती होते?"

"दोनशे दहा," आबा म्हणाले. दात नसल्यामुळे आकडा फुसका आला, पण आला. "आहेत की अजून. का?"

घासायचं यंत्र हातात फिरत राहिलं. कवळीच्या कडेचा एक टवका उडाला.

"अरे अरे! माझे दात आहेत ते," आबा म्हणाले.

मग त्याला तो बाक पुन्हा आठवला. शेजारी आबा बसले होते. त्यांच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत शेअरचे कागद. विकून देतो म्हणून धावत आले होते, पण त्यांचं खातं कितीतरी वर्षांत उघडलेलंच नव्हतं. बंद पडलं होतं. चालू करायला आठ दिवस लागतील, असं फोनवरच्या माणसाने सांगितलं होतं. म्हातारा माणूस पिशवी छातीशी धरून रडत होता. "माझ्याकडे आहे आणि देता येत नाही," म्हणत होता. आणि मग भिंतीकडे बघून, कुणाला उद्देशून कोण जाणे, म्हणाला होता, "माझं हे हिला लागू दे. कसंही. मागाहून माझ्याकडून काय घ्यायचं ते घे." त्यानंतर दोन-तीन मिनिटांनी कवळीवाल्याने बटण दाबलं होतं.

पुढे आबांनी ते खातं चालू करून घेतलं, आणि आपल्यामागे शेअर कुणाला मिळावेत या रकान्यात जावयाचं नाव घातलं. मुलीचं नाही. "ती पुस्तकातली बाई. तिच्या हातात शेअर म्हणजे कपाटातली धूळ," असं म्हणून सगळे हसले होते.

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास कवळीवाल्याने लॅपटॉप उघडला. त्याचा विचार साधा होता. वारसा म्हणजे माणूस गेल्यावर. भेट म्हणजे माणूस असताना. आबांनी शुक्रवारच्या आत शेअर भेट म्हणून दिले, तर झालं! कायदेशीर, सरळ, कुणाला काही होत नाही. आपल्यालाच हे सुचलं याचा त्याला जरा अभिमानही वाटला.

कारकुनाच्या प्रत्येक पानावर वरती एक पट्टी असायची. त्यात त्याने पहिल्याच दिवशी भरलेली माहिती होती. 'विवाहित. आपल्यावर अवलंबून: पत्नी, सासरे.' बाहेर आबांची शीळ चालली होती. जिन्यावर बायकोची पावलं वाजू लागली. त्याने 'भेट' निवडलं.

पट्टी बदलली. 'विधुर. आपल्यावर अवलंबून: सासरे.'

जिन्यावरची पावलं थांबली.

तो ऐकत राहिला. एकोणतीस पायऱ्या झाल्या होत्या. दुसरं वळण. वर काही येत नव्हतं, ना पाऊल, ना गुणगुण. कशाला तरी धरल्याचा आवाज आला, कठड्याला असावं. मग तोही नाही.

त्याचं बोट आपोआप सरकलं. 'वारसा.'

पट्टीवर आलं, 'विवाहित. आपल्यावर अवलंबून: पत्नी.' जिन्यावर पाऊल वाजलं. तिसावं. एकतिसावं. आणि बाहेरच्या खोलीतली शीळ मध्येच तुटली.

त्याने चौकोन रिकामा केला. पट्टीत दोघंही परत आले. शीळ जिथे तुटली होती तिथूनच पुढे सुरू झाली. दार उघडलं आणि बायको आत आली.

"काय झालं?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"कुठे काय? जरा दम लागला," ती म्हणाली. "खूप दिवसांनी. तुम्ही का असे पांढरेफटक? की प्लास्टरच आहे?" आणि तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं. प्लास्टर नव्हतं.

त्याने ठरवून टाकलं. रिटर्न भरायचंच नाही. दंड बसेल तो बसू दे, व्याज लागेल ते लागू दे. शुक्रवार तसाच जाऊ द्यायचा. चौकोन रिकामा, दोघंही घरात. यात त्याला एवढा हलकेपणा वाटला की बुधवारी त्याने कामातही शीळ घालून बघितली. जमली नाही.

बुधवारी दुपारी आबा चहा घेऊन आत आले. लॅपटॉप उघडा होता. त्याने का उघडला होता? चौकोन रिकामा आहे ना, हे बघायला. दिवसभरात त्याने दहा वेळा बघितला असेल.

आबांनी चहा ठेवला, चष्मा नाकावर घेतला आणि वाकून पडद्याकडे बघितलं. लाल ओळ वाचली. दोनशे दहा वाचलं. तारीख वाचली. एकतीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वर काय अडकलंय ते ओळखणारा माणूस तो, त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"मी तेव्हा काय बोललो होतो, ऐकलं होतंस तू?"

"ऐकलं होतं."

"मग?"

"आबा, तसं काही नसतं. सॉफ्टवेअर आहे हे."

"नसेल," आबा म्हणाले. "वारसा कर."

"मी काहीच करणार नाही. रिटर्नच भरणार नाही."

आबांनी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. मग खुर्ची ओढून बसले. "अरे, मला नऊ महिने फुकट मिळाले," ते म्हणाले. "रोज पोरीच्या हातचा चहा प्यायलो. रोज अडीच वाजता तिची पावलं ऐकतो मी. तुला काय वाटलं, तू एकटाच ऐकतोस? ज्याने दिलं त्याने उधारीवर दिलं, आणि वर नऊ महिने तगादाही लावला नाही. एवढं कोण करतं रे?"

"आबा, पुरे."

"बरं, पुरे." ते उठले. "मग कवळी तरी नवीन कर. ही हलते, आणि काल तू टवका उडवलास. चांगली कर जरा. हसलो तर हसल्यासारखं दिसलं पाहिजे."

गुरुवारी सकाळी त्याने आबांचं माप घेतलं. डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते, "घरात कारागीर असताना बाहेर कशाला?" म्हणाले. त्याने मापाची वाटी तोंडात दाबून धरली, तेव्हा आबा डोळे मिटून बसले होते, आणि त्यांचा श्वास त्याच्या मनगटावर गरम लागत होता. लग्न झालं तेव्हा या माणसाने त्याला विचारलं होतं, "दात बनवून पोट भरतं का?" आणि मग स्वतःचे उरलेसुरले दात काढून आलेलं पहिलं गिऱ्हाईक तेच होते. त्याला हे सगळं त्यांना सांगायचं होतं. वाटी तोंडात असेपर्यंत ते उत्तर देऊ शकणार नव्हते, म्हणून तेव्हाच सांगून टाकलं.

वाटी काढल्यावर आबा म्हणाले, "झालं का भाषण? तोंड दुखलं माझं." पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

शुक्रवार उजाडला. बायको कामावर गेली. कवळीवाल्याने लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. आबा बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. जुनी कवळी मापाला लागणार म्हणून त्याच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासात होती. तिच्याशिवाय आबांना शीळ येईना. नुसती हवा यायची, फुस्स फुस्स. तरी ते सूर सोडत नव्हते.

"आबा, बरं वाटतंय ना?"

"फुस्स," आबा म्हणाले.

तो हसला. साडेअकरा वाजत आले. त्याने वाटीत पाणी घेतलं, प्लास्टर घातलं, घोटलं आणि आबांच्या मापात ओतलं. बुडबुडे निघावेत म्हणून टेबलावर हळूहळू ठोकलं. मग बारा मिनिटं.

हात सवयीने एप्रनच्या खिशात गेला आणि फोन घेऊन बाहेर आला. त्याने फक्त भाव बघितले. काही घेतलं नाही, काही विकलं नाही. एवढं त्याला नक्की आठवतं. प्लास्टर धरताना गरम होतं, म्हणून त्याने डावा तळवा साच्यावर ठेवला. ऊब हळूहळू वाढत गेली. बाहेर सूर चालूच होता. फुस्स, फुस्स. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी चादर झटकत होतं. साचा चांगला गरम झाला, मग निवू लागला.

धरलं, असं त्याला वाटलं. त्याने घड्याळाकडे बघितलं. अकरा बेचाळीस.

घरात आवाज नव्हता.

तो बाहेर गेला. आबा खुर्चीत तसेच होते, मान जराशी खिडकीकडे. तोंड शीळ घातल्यासारखं गोल होतं. त्याने हाक मारली नाही. गुडघ्यावर बसला, त्यांचे दोन्ही पाय धरले आणि रडला. रडता रडता मान वर करून घड्याळाकडे बघत राहिला, कारण अडीच वाजायला अजून वेळ होता. अडीच वाजले. चव्वेचाळीस पायऱ्या एका दमात वाजल्या.

दोन आठवड्यांनी त्याने कुलूप काढून लॅपटॉप उघडला. सगळ्या ओळी हिरव्या होत्या. चौकोनात 'वारसा' लिहिलेलं होतं. पट्टीवर आलं होतं, 'विवाहित. आपल्यावर अवलंबून: पत्नी.' आणि मेलमध्ये पावती. 'आपलं रिटर्न शुक्रवारी, सकाळी अकरा बेचाळीस वाजता, मोबाईलवरून दाखल झालं. धन्यवाद.'

पुढे चार महिन्यांनी कागदपत्रांचे सोपस्कार संपले आणि आबांचे शेअर त्याच्या नावावर झाले. ब्रोकरचा मेल आला. 'जमा: दोनशे दहा. शिल्लक: शून्य.' त्याने तक्रार केली नाही. बायको शेजारी बसून पुस्तकाला कव्हर घालत होती. ती म्हणाली, "आबांनी तसं मागे काही ठेवलं नाही ना?"

"ठेवलं," तो म्हणाला. "खूप ठेवलं."

"त्या दिवशी तुम्ही घरी होतात, याचं मला फार बरं वाटतं. एकटे नव्हते ते." आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्या हाताचं वजन, ती ऊब, त्यातली नाडी, सगळं त्याला कळत होतं, आणि त्याबद्दल तो मनातल्या मनात दर वेळी म्हणतो तेच म्हणाला. उपकार झाले.

तो फोन मात्र त्याने शुक्रवारनंतर वापरला नाही. पुसलाही नाही. कामाच्या टेबलाच्या खणात कापडात गुंडाळून ठेवला होता. कारकुनाच्या मोबाईलच्या पानावर 'दाखल करा' हे बटण खाली उजवीकडे असतं आणि ते तीन सेकंद दाबून धरावं लागतं, हे त्याला माहीत होतं. काल दुपारी, एक साचा धरायची वाट बघताना, त्याने फोन बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. काचेवर खाली उजवीकडे वाळलेल्या प्लास्टरचा अंगठ्याचा ठसा होता. दातांच्या कडा बघायचं भिंग हाताशीच होतं. त्याने ते डोळ्याला लावलं.

ठशावर एक आडवी खूण होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

आणि त्या ठशावर, तो खाली दाबून धरावा तसा, दुसरा अंगठा उमटलेला होता. तो ओळखायला त्याला भिंग लागलं नाही.